कोऱ्या बरणीची साक्ष

काय बघताय? बरणी कधी पाहिली नाहीत? बोलणारी पाहिली नसेल, तेवढं मान्य. वय विचारू नका. जाड काच, रुंद तोंड, पत्र्याचं फिरकीचं झाकण आणि पोटात डाव्या अंगाला एक बुडबुडा, एवढी ओळख पुरे.

हा बुडबुडा माझी जन्मखूण. भट्टीवर मला फुंकणाऱ्या कारागिराला ऐन वेळी शिंक आली. मुकादमानं मला उजेडात धरलं आणि म्हणाला, "हिला दुय्यम मालात टाक." जन्मल्याबरोबर जी नापास झाली तिला पुढे भीती कसली? उलट त्या बुडबुड्यानं मला जन्मभराची करमणूक दिली. त्यातून पाहिलं की समोरच्याचं नाक भोपळ्याएवढं दिसतं. लहान-मोठा, शहाणा-खुळा, सगळ्यांची नाकं मी तशी पाहिली आणि मनातल्या मनात खो खो हसले.

आधी एका औषधाच्या दुकानात खोकल्याच्या गोळ्या सांभाळल्या. मग शाळेत गेले. शाळेत गेले म्हणजे विज्ञानाच्या खोलीत, कपाटावर, पोटात औषधात बुडवलेला बेडूक घेऊन. अकरा वर्षं सातवीत होते. अकरा वर्षं तोच धडा, तेच गुरुजी आणि त्यांचा तोच एक विनोद. बेडकाच्या पोटात काय काय असतं ते मला आजही तोंडपाठ आहे. माणसाच्या पोटात काय असतं ते मात्र त्या इयत्तेत नव्हतं.

पुढे शाळेत प्लास्टिकच्या बरण्या आल्या. हलक्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या. बेडूक तिकडे गेला आणि मी भंगारात.

भंगारवाल्याच्या दुकानात एक दिवस एक मुलगी आली. सव्वीसएक वर्षांची, काडीसारखी, चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीनं बांधलेली. तिनं मला उचललं, बोटानं टिचकी मारली, झाकण काढून आत डोकावली. माझ्या बुडबुड्यातून तिचं नाक काय दिसलं म्हणून सांगू!

भंगारवाला म्हणाला, "ताई, ही जुनाट आहे. ती प्लास्टिकची घ्या, नवी कोरी."

"प्लास्टिकच नकोय मला."

"भरणार काय हिच्यात?"

"काही नाही."

"काही नाही भरायला बरणी?"

"हो. काही नाहीच भरायचंय. ते सांभाळणारी बरणी हवीय."

भंगारवाल्यानं मला कागदात गुंडाळलं आणि ती गेल्यावर शेजाऱ्याला म्हणाला असेल, शिकून डोकं फिरलं बिचारीचं. मलाही तेच वाटलं होतं.

तिची प्रयोगशाळा म्हणजे एक लहानशी खोली. खिडक्या बंद, पंखा बंद. दारावर कागद: 'आत येताना लोकरी किंवा चमकदार कपडे बाहेर काढून ठेवावेत.' एकदा नळ दुरुस्त करणारा आला, तो पाटी वाचून दारातूनच परत गेला. ती स्वतः न रंगवलेल्या सुती कापडाचा ढगळ अंगरखा घालायची, डोक्याला सुती फडकं. तिचं काम काय, तर पाणी कागदातून गाळायचं, तो कागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि त्यावर अडकलेले प्लास्टिकचे धागे मोजायचे. केसाहून बारीक धागे. निळे, लाल, काळे. आपल्या कपड्यांतून, दोरांतून, जाळ्यांतून सुटलेले. ते पाण्यात जातात, पाण्यातून माशात, माशातून तुमच्या ताटात.

फोनवर तिची आई विचारायची, "धागे मोजतेस म्हणजे नक्की काय करतेस गं? त्यापेक्षा शिवण शिकली असतीस तर चार ब्लाउज तरी झाले असते."

"आई, हे प्लास्टिकचे धागे आहेत."

"मग तर काहीच होणार नाही त्यांचं."

आता माझं काम सांगते. धागे सगळीकडे उडत असतात. पाण्याचा नमुना घेताना आपल्याच बाहीचा, होडीच्याच दोराचा धागा त्यात पडला तर? मग तो पाण्यातला की आपला, कसं कळणार? म्हणून मी. माझ्यात गाळून गाळून शुद्ध केलेलं पाणी भरायचं. होडीत नमुना घेताना, जितका वेळ बाकीच्या बाटल्या उघड्या, तितकाच वेळ मलाही उघडं ठेवायचं. हवेतून जे पडेल ते माझ्यातही पडेल. परत आल्यावर माझ्यातले धागे मोजायचे आणि तेवढे बाकीच्यांतून वजा करायचे. मला ती 'कोरी बरणी' म्हणायची. सगळ्या बाटल्या खरं बोलतात की नाही, हे सांगणारी साक्षीदार मी!

हे मला कसं कळलं? ती दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना फळ्यावर चित्र काढून समजावायची. मी टेबलावर बसून ऐकायचे. तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या सरांनाही तिनं समजावलं, सरकारी कचेरीतल्या माणसांना पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून समजावलं. खोलीत झाडू मारणाऱ्या बाईनं विचारलं तेव्हा मात्र म्हणाली, "तसंच असतं ते मावशी." हे मी का सांगतेय ते पुढे कळेल. तेव्हा मलाही कळलं नव्हतं. मी मावशींचं नाक बघण्यात दंग होते.

आमचं काम होतं समुद्राकाठच्या एका तळ्यात. वाळूच्या लांबलचक पट्ट्यानं समुद्रापासून तोडलेलं खारं, उथळ पाणी. शिकलेले त्याला लगून म्हणतात. काठावर राहणारे नुसतं तळं म्हणतात, आणि मासे दोघांचंही ऐकत नाहीत. तळ्याच्या एका टोकाला कपडे धुण्याचा मोठा कारखाना होता. नवे कपडे दुकानात जायच्या आधी तिथे धुऊन मऊ करायचे. त्याची एक नळी सरळ तळ्यात उतरली होती.

तळ्यावर आमची होडी चालवायचे मामा. खरे मामा नव्हेत, सगळ्या काठाचेच मामा. साठीच्या पुढचे, मानेवर उन्हानं जाळी पडलेली, शिक्षण चौथी. पहिल्याच दिवशी ती होडीत चढताना घसरली, तसे म्हणाले, "सावकाश पोरी. तळं कुठे पळून जात नाही. गेलं तर मला सांगून जाईल."

त्यांनी तिला आपलं जाळं दाखवलं. त्यावर बोटभर राखाडी लव चढली होती, जुन्या गोधडीतून निघते तशी.

"हे बघ. आम्ही मासे पकडायला जातो आणि कापूस वेचून येतो. धुऊन धुऊन माझ्या बायकोचे हात गेले. मासा तर ह्या टोकाला फिरकतच नाही. तो काय वेडा आहे?"

"ह्यावरच काम आहे माझं, मामा."

"मग तुझ्या कागदानं ती नळी बंद होईल?"

तिनं नळीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. तरुण होती. म्हणाली, "होईल."

तो शब्द मामांनी गाठीला बांधला. कारखान्याला तिथेच दुसरी शेड उभारायची होती आणि त्यासाठी वर्षभरानं जाहीर सुनावणी व्हायची होती. त्या सुनावणीत तिचा अहवाल ठेवला जाणार होता, आणि जुन्या नळीचा निकालही त्यावरच लागणार होता. काठावरच्या पोरांनी तिचं नाव 'धागेवाली' पाडलं, तर मामा त्यांच्या अंगावर धावून गेले. "हसा लेको, हसा! तुमच्या घरात चूल पेटेल ती हिच्यामुळे."

दर पंधरा दिवसांनी आम्ही तळ्यावर जायचो. पाच ठिकाणं ठरलेली, पाचवं नळीच्या तोंडाशी. तिनं मामांनाही एक सुती अंगरखा दिला. "हा घाला." मामांनी घातला. का घालायचा ते विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मामांना वाटलं, सरकारी गणवेश असेल. बायकोकडून इस्त्री करून घ्यायचे.

ठरलेल्या जागी होडी थांबली की ती पुढच्या टोकाला पालथी पडायची, तोंड वाऱ्याकडे, हात कोपरापर्यंत पाण्यात. होडीचा कचरा नमुन्यात येऊ नये म्हणून वाऱ्याच्या दिशेनंच पाणी घ्यायचं असतं. मी मागे, मामांच्या पायाशी, फळीवर. पाठ न वळवता ती ओरडायची, "मामा, बरणी उघडा!" मामा उघडायचे. वीस मिनिटांनी ती ओरडायची, "मामा, बंद करा!" मामा बंद करायचे.

आता मधल्या वीस मिनिटांत काय व्हायचं ते ऐका.

पहिल्या दिवशी मामांनी मला उघडलं आणि आत पाहिलं. आरशासारखं पाणी. मग इकडे तिकडे पाहिलं. शेजारी निळा नायलॉनचा दोर, त्याचे तंतू सुटलेले. मागे जाळ्याचा ढीग. वारा. मामांच्या कपाळाला आठी पडली. ज्यांच्या घरात पिण्याचं पाणी घटकाभर उघडं राहत नाही, त्या माणसाला ते बघवेना. पोरगी पुस्तकातली, विसरली असेल. सांगावं तर एवढी शिकलेली, चारचौघांत तिची चूक कशी काढायची? त्यांनी हळूच झाकण माझ्यावर ठेवलं. दोन फिरक्या दिल्या. "बंद करा" ऐकू आलं तेव्हा तिसरी दिली.

मी तर हसून हसून फुटायचीच राहिले! एवढी शहाणी पोरगी, एवढा मोठा अभ्यास, आणि तिची साक्षीदार डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेली! म्हातारपणी अशी गंमत कुणाच्या नशिबात येते? दर खेपेला मी वाट बघायचे. "उघडा!" उघडलं. मामा मला वाऱ्याला एकदा दाखवायचे, ओवाळल्यासारखं, आणि हळूच झाकायचे. पुढे पुढे तर मला म्हणायचेही, "झालं दर्शन. बस आता गप."

वर्षभर. चोवीस खेपा. मी हसत होते. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

खोलीत परत आल्यावर ती माझं पाणी गाळायची आणि कागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. एक धागा. कधी शून्य. कधी दोन. नळीच्या तोंडाशी घेतलेल्या बाटल्यांत मात्र बाकी तळ्याच्या पाचपट.

सर तर हवेत तरंगत होते. सरांचं नाक मुळातच मोठं, बुडबुड्याची गरज नाही. म्हणाले, "तीस वर्षांत इतकी स्वच्छ कोरी बरणी मी पाहिली नाही. हे अहवालात ठळक अक्षरांत टाक."

ती म्हणाली, "सर, जरा जास्तच स्वच्छ नाही का? होडीत जाळी असतात, दोर असतो..."

"चांगलं झालं की संशय घ्यायचा, ही तुम्हा मुलांची खोडच आहे. हात स्वच्छ आहेत म्हणून रडतं का कुणी?"

तिनं पेन्सिल तोंडात धरली, खिडकीबाहेर पाहिलं. त्या वेळी तिनं मामांना एक फोन केला असता तर? नुसतं विचारलं असतं, मामा, मधे काय करता हो तुम्ही? नाही केला. ठळक अक्षरांत टाकलं.

सुनावणीचा दिवस आला. एका सभागृहात लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, त्यामागे अध्यक्षबाई आणि दोन अधिकारी. तिनं मलाही नेलं होतं, दाखवायला म्हणून. टेबलाच्या कडेला मी ऐटीत बसले होते. काठावरची माणसं खुर्च्या भरून बसली होती. तिसऱ्या रांगेत मामा, इस्त्रीचा सुती अंगरखा घालून. कारखान्याचा व्यवस्थापक समोर. गोड बोलणारा, केस चापून बसवलेले, कुणालाही आधी खुर्ची देणारा.

ती छान बोलली. नकाशे दाखवले, आकडे दाखवले. मग म्हणाली, "प्रत्येक खेपेला आम्ही क्षेत्रीय नियंत्रण नमुना घेतला, आणि त्यातील बाह्य दूषण नगण्य आढळलं."

मामा ऐकत होते. कौतुकानं मान हलवत होते. 'क्षेत्रीय नियंत्रण नमुना' म्हणजे आपल्या पायाशी बसणारी ती बरणी, हे त्यांना कुठून कळावं?

व्यवस्थापक उठला. हात जोडले. "ताईंच्या कष्टांबद्दल आदर आहे. एक शंका. तुम्ही पाणी घेत होता, तेव्हा ही बरणी कोण सांभाळायचं?"

"आमचे होडीवाले मामा."

"आलेत का ते? अरे वा. मामा, उभे राहा ना. लोकांना कळू द्या, एवढ्या मोठ्या कामात तुमचाही हात आहे. कशी सांभाळायचात हो बरणी?"

बघा, तोपर्यंत मामांना कुणी असं विचारलंच नव्हतं. छाती पुढे काढून उभे राहिले.

"एक कण पडू दिला नाही साहेब! बाई उघडा म्हणाली की उघडायची, आणि तिची पाठ वळली की लगेच झाकायची. तिचं ध्यान पाण्यात. वारा असा, वर जाळ्याची घाण. पण एकदा, एकदासुद्धा तिचं पाणी खराब होऊ दिलं नाही. वर्षभर. कुणालाही विचारा."

सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली. एकट्यानंच. मग तीही थांबली.

मी तिच्याकडे पाहिलं. बुडबुड्यातून नव्हे, सरळ. तिचा चेहरा माझ्या काचेसारखा झाला होता, आरपार.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "हे खरं आहे का?"

सर मागून पुटपुटले, "म्हण, एखाद-दोन वेळा झालं असेल. म्हण, त्यांना नीट आठवत नाही. वय झालंय."

ती म्हणू शकली असती. साधी गोष्ट होती. चौथी शिकलेला म्हातारा, बोलण्यात वाहवत गेला, एवढंच म्हणायचं होतं. लोक हसले असते, मामाही ओशाळून खाली बसले असते आणि नळी बंद झाली असती.

ती म्हणाली, "मामा खोटं बोलत नाहीत."

मग मात्र तिनं भांडून पाहिलं. म्हणाली, होडी पाचही ठिकाणी तीच होती, जाळी तीच, दोर तोच. मग नळीपाशीच पाचपट धागे कसे? दोर काय नळी बघून झडतो? काठावरची माणसं "बरोबर!" म्हणून ओरडली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमचं म्हणणं खरंही असेल. पण कोरा नमुना ग्राह्य नसेल तर अहवाल ग्राह्य धरता येत नाही. नियम तसा आहे. पुन्हा वर्षभर नमुने घ्या." व्यवस्थापक म्हणाला, "आमचा विज्ञानाला पूर्ण पाठिंबा आहे," आणि मामांना बसायला स्वतःच्या हातानं खुर्ची सरकवून दिली.

मामा बसले नाहीत. काय झालं ते त्यांना आत्ता कळत होतं. हळूहळू, होडीत पाणी चढतं तसं.

बाहेर पायऱ्यांवर ती मला छातीशी धरून उभी होती. मामा आले.

"ती उघडी ठेवायची होती?"

"हो."

"कचरा पडावा म्हणून?"

"हो मामा. किती पडतो ते कळावं म्हणून."

मामांनी जरा विचार केला. "सोपं आहे की." मग तिच्याकडे पाहिलं. "एवढं सोपं होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं? म्हाताऱ्याला कळायचं नाही?"

तिला तेच वाटलं होतं. तेही नाही, वाटायच्या आधीच ठरलं होतं.

मामांचा आवाज चढला. "आणि आत? आत तरी म्हणायचंस, म्हातारा बडबडतोय, लक्ष देऊ नका! मी काय रागावलो असतो? अगं, नळी गेली असती ना! तुला काय पडलं होतं माझ्या खऱ्या-खोट्याचं?"

"तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं कसं पाडू, मामा?"

"मला वाचवलंस होय. आणि तळं?"

तिनं मला आणखी घट्ट धरलं. मामा चार पायऱ्या उतरले, परत वर आले, तिच्या हातातून मला घेतलं. "ही राहू दे माझ्याकडे. तुला आता कशाला?" आणि निघून गेले.

पुन्हा वर्षभर नमुने कोण घेणार? शिष्यवृत्ती संपली होती. सरांनी दुसरा विषय घेतला, नद्यांचा. नद्यांवर सुनावण्या कमी होतात. बाकीच्या काचेच्या बाटल्या संस्थेनं परत नेल्या. कारखान्याची दुसरी शेड उभी राहिली, नळी आता मांडीएवढी जाड आहे. आणि आमची धागेवाली कुठे गेली ठाऊक आहे? पिण्याचं पाणी बाटल्यांत भरून विकणाऱ्या कंपनीत. प्लास्टिकच्या बाटल्या. पाण्याची चव सारखी आहे की नाही ते बघते. मी म्हणत होते ना, गमती माझ्या नशिबातच फार!

आता मी मामांच्या घरात, खिडकीत असते. मामींनी साखर ठेवायला मागितलं होतं, मामांनी हात लावू दिला नाही. कारण मामा अजून जातात. दर पंधरा दिवसांनी, त्याच पाच ठिकाणी, तोच अंगरखा घालून. गुडघे दुखतात तरी पुढच्या टोकाला पालथे पडतात. पाणी घेतात, बाटलीवर कागद चिकटवतात, त्यावर मोठ्या अक्षरांत तारीख, जागा, वारा कुठला. माझ्यात घरचं गाळलेलं पाणी भरून मला होडीच्या फळीवर उघडं ठेवतात. पूर्ण वीस मिनिटं. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. आता माझ्यात खरोखर धागे पडतात, दोराचे, जाळ्याचे, आणि दर वेळी ते माझं पाणीही एका बाटलीत ओतून तिच्यावर लिहितात: 'कोरी'.

शेड तिसरी मागताहेत. सुनावणी दोन महिन्यांवर आली आहे. मामा म्हणतात, ह्या वेळी मी जाईन, माझ्या बाटल्या घेऊन.

गेल्या रविवारी ती आली. अंगात कंपनीचं निळं, मऊ, केसाळ जाकीट. मामा दारात उभे राहिले. मग म्हणाले, "ये. आली आहेस तर बघून जा."

त्यांनी तिला घरातल्या फळीवरच्या रांगा दाखवल्या. आठ महिन्यांच्या बाटल्या. "सगळं तुझ्यासारखं. वाऱ्याकडे तोंड करून. बरणी उघडी ठेवतो, हात लावत नाही. विचार हिला." हिला म्हणजे मला.

तिनं एक बाटली उचलली. हलकी. तिच्याच कंपनीची, वरचं लेबल खरवडून काढलेलं. प्लास्टिकची. सगळ्याच तसल्या होत्या. काचेच्या का हव्यात, हे तरी तिनं त्यांना कधी सांगितलं होतं? मामांना वाटलं होतं काच म्हणजे संस्थेची हौस. शिवाय ह्या होडीत पडल्या तरी फुटत नाहीत.

तिनं बाटली फिरवली. झाकण पाहिलं, तेही प्लास्टिकचं, घासलं की झडणारं. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगेल. आता तरी खाली बसेल आणि सगळं सांगेल.

मामा तिच्या तोंडाकडे बघत होते. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"छान केलंत, मामा," ती म्हणाली. बाटली जागेवर ठेवली. चहा घेतला नाही. गाडी चुकेल म्हणाली आणि गेली. वळणापर्यंत तिनं तीनदा डोळे पुसले. मामांनी ते पाहिलं नाही. ते मामींना सांगत होते, "पसंत पडलं तिला. काही चूक नाही म्हणाली."

मी सातवी शिकलेली बरणी. मला माणसांची नाकं कळतात, मनं कळत नाहीत. आता हसूही येत नाही. बुडबुडा जागेवर आहे, पण त्यातून बघावंसं वाटत नाही. दोन महिन्यांनी हा म्हातारा गोणीभर बाटल्या घेऊन त्या हिरव्या कापडाच्या टेबलापुढे उभा राहील, आणि कुणीतरी हात जोडून, गोड आवाजात विचारेल, मामा, ह्या बाटल्या कसल्या हो?

तर ऐका. माझ्या तोंडाला झाकण असो नसो, माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही, तुमचा पोचेल. तुमच्यात कुणी शिकलेलं असेल तर त्याआधी इथे या. चार काचेच्या बाटल्या आणा. म्हाताऱ्याशेजारी बसा आणि त्याला सगळं सांगा, आठ महिने वाया गेले हेसुद्धा. चिडेल, शिव्या देईल, तुम्हाला हाकलूनही लावेल. तरी सांगा. तो चौथी शिकलाय, बहिरा नाही.